बुधवारपर्यंत

झारिया स्टॉलवर्थला मी पहिल्यांदा रस्ता ओलांडून दिला तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि माझा हात धरायला तिने साफ नकार दिला.

"मला चालता येतं," ती म्हणाली.

"चालता सगळ्यांनाच येतं. थांबता येत नाही. म्हणून मी इथे आहे."

त्यावर तिने मला खालून वर न्याहाळलं. पोपटी जाकीट, हातातली लाल 'थांबा'ची पाटी, गळ्यातली शिट्टी. मग विचारलं, "तुम्हाला याचे पैसे मिळतात? कोण देतं?"

"शहर देतं," मी म्हटलं.

हे खरं होतं आणि नव्हतंही. माझा पगार पोलीस खात्यातून येतो. शाळांपुढचे रस्ते सांभाळणारे आम्ही चव्वेचाळीस जण त्याच खात्याच्या खर्चात धरलेले आहोत. पण आमच्या भागात पोलीस म्हटलं की लेकरं दोन पावलं मागे सरकतात, आणि मागे सरकणाऱ्या मुलाला रस्ता कसा ओलांडून द्यायचा? म्हणून बाहीवरचा पोलिसांचा बिल्ला मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ब्लेडने उसवून टाकला, आणि पुढे सव्वीस वर्षं कुणी विचारलं तर 'शहर' असंच सांगत आले. एवढ्याशा लबाडीने कुणाचं काय बिघडणार होतं?

किन्झी रस्ता आणि अडुसष्टावी गल्ली मिळते तो माझा चौक. एका बाजूला लहान मुलांची शाळा, दोन गल्ल्या सोडून मोठ्यांची. सिग्नल आहे, पण वळणाऱ्या गाड्या त्याला विचारतात थोड्याच! मार्चमध्ये तळ्यावरून असं वारं येतं की दातसुद्धा गार पडतात. तिथे माझा एकच नियम: मी 'ये' म्हटल्याशिवाय फुटपाथवरून पाय खाली नाही. पलीकडून आजीने हाक मारली तरी नाही, मुख्याध्यापकांनी मारली तरी नाही. देशाच्या अध्यक्षाने मारली तर त्यालाही म्हणावं, थांब. सव्वीस वर्षांत माझा चौक एक दिवस रिकामा राहिला नाही. माझे यजमान लमाँट गेले त्या दिवशीसुद्धा माझी बहीण पाटी घेऊन उभी होती.

झारिया ही मोजणारी पोरगी. काही मुलं गाणी गुणगुणतात, ही सेकंद मोजायची. चौथीत असताना तिने शोधून काढलं की हिरवा माणूस दिसतो सिग्नलवर, तेवढ्या वेळात कुबडीवाली मिसेस गेन्स रस्ता पार करू शकत नाही. महापालिकेला पत्र लिहिलं, उत्तर नाही. दुसरं लिहिलं. अकराव्या पत्रानंतर एक माणूस शिडी घेऊन आला आणि हिरवा माणूस चार सेकंद लांबवून गेला. त्या दिवशी ती माझ्या चौकात अशी नाचली की बसचालकाने हॉर्न वाजवून दाद दिली. मला तेव्हाच जरा धास्ती वाटली होती. पहिल्याच डावात जिंकणाऱ्या माणसाला वाटतं, पत्र लिहिलं की शिडी येतेच.

तिची आई डेनिस वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. त्यामुळे धाकट्या ब्रिएलला शाळेत आणणं-नेणं झारियाकडेच. दोघींमध्ये सात वर्षांचं अंतर. ब्रिएल म्हणजे आवाजाला घाबरणारं पोर. एका उन्हाळ्यात त्यांच्या दारासमोर गोळीबार झाला, तेव्हापासून जरा कुठे ढोल वाजला की ही टेबलाखाली.

आणि ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी शाळेत आगीची सरावाची घंटा वाजली.

ब्रिएल टेबलाखाली गेली ती बाहेर येईना. बाईंनी ओढलं तर बाईंच्या नडगीवर लाथ बसली. बाईंनी फोन केला, आणि शाळेत रोज असतात त्या दोन पोलिसांपैकी एक आला. "बाहेर ये" असं त्याने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं नाही. दहा वर्षांच्या पोरीचे हात मागे घेऊन प्लास्टिकच्या पट्टीने बांधले आणि तिला कार्यालयात खुर्चीवर बसवून ठेवलं. झारिया पोचली तेव्हा मनगटांवर वळ होते आणि पोरगी एक शब्द बोलत नव्हती.

आता आमच्या शाळेची गंमत ऐका. सातशे मुलं. पोलीस दोन, रोज. आणि मुलांशी बसून बोलणारी, मनातलं काढून घेणारी काउन्सेलर मॅडम एक, तीही फक्त बुधवारी. बाकीचे चार दिवस ती चार दुसऱ्या शाळांना पुरते. मुलं म्हणतात, "रडायचं असेल तर बुधवारी रड." हसत म्हणतात, पण म्हणतात.

तर ब्रिएल सहा दिवस थांबली. गुरुवारपासून बुधवारपर्यंत घरात नाही, शाळेत नाही, माझ्याशीही नाही, तोंडातून शब्द नाही. भाकरीवर साय ठेवून दिली तरी न खाणारं पोर बघावं तसं डेनिस तिच्याकडे बघत बसायची. बुधवारी मॅडमसमोर ती चाळीस मिनिटं बोलली म्हणे. दुपारी माझ्या चौकात आली ती तिखट हॉट चिप्सचं पाकीट खात, बोटं लाल करून. "मिस अर्लीन, तुम्हाला एक देऊ?" मला रडू आलं, आणि मी वाऱ्याच्या नावाने डोळे पुसले.

त्याच आठवड्यात झारियाने अकरा मुलं जमवली. जमायची जागा वाचनालयाचं तळघर, गटाचं नाव 'पाच दिवस'. मागणी सरळ: शहराच्या पोलीस खर्चातला दहावा हिस्सा काढा आणि तो शाळांना द्या, म्हणजे मॅडम पाचही दिवस येईल, नर्स येईल, शाळेतून कुणाचे हात बांधून नेले जाणार नाहीत. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सगळीकडे पोलिसांविरुद्ध मोर्चे निघाले होते, तेव्हा ती चौदाची होती. तेव्हाचे मोठे घरी गेले, ही गेली नाही.

मी हसले नाही असं नाही. "गोळीबार झाला की कुणाला बोलावशील गं? बुधवारच्या मॅडमला?"

"गोळीबार झाल्यावर पोलीस येतातच की, मिस अर्लीन. चाळीस मिनिटांनी का होईना. मला त्याच्या आधी येणारं माणूस हवंय."

जिभेला हाड नाही या पोरीच्या.

महापालिकेच्या बजेटवरच्या सुनावणीत कुणीही नागरिक बोलू शकतो. चिठ्ठीवर नाव लिहायचं, नंबर आला की माइकपाशी जायचं. मात्र मिनिट एकच. साठाव्या सेकंदाला घंटा होते आणि माइक बंद पडतो, मग तुम्ही वाक्याच्या मध्ये असा नाहीतर आयुष्याच्या. माझ्या चौकातला लाल दिवा अठ्ठावन्न सेकंदांचा. झारिया तीन आठवडे रोज सकाळी तिथे उभी राहून, लाल लागला की बोलायला सुरुवात करायची. "माझं नाव झारिया स्टॉलवर्थ. माझ्या बहिणीला सहा दिवस थांबावं लागलं..." हिरवा लागला की मी पाटी वर करायचे, "संपलं! ये." शेवटी शेवटी तिचं अखेरचं वाक्य आणि दिवा एकदमच बदलायचे. भाषण तिच्याइतकंच मलाही पाठ झालं होतं.

सुनावणी मंगळवारी दुपारी दीडला होती. शाळेच्या मुलांचा विषय, आणि वेळ कुठली, तर मुलं शाळेत असतात ती. असो.

आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, ती चौकात आली आणि लाल दिवा लागला तरी बोलेना. ब्रिएलला पलीकडे सोडून परत माझ्या बाजूला आली. हातात एक कागद होता, घडी घालून घालून मऊ झालेला.

"तुम्हाला पगार पोलीस देतात?" तिने विचारलं.

मी पाटी खाली केली. "कुणी सांगितलं?"

"पोलीसप्रमुखांचं पत्र आहे नगरसेवकांना. दहावा हिस्सा कापलात तर आधी हे चव्वेचाळीस चौक जातील म्हणतात. इथे नावं आहेत. एकोणिसावं तुमचं."

पोरांनी तीनशे पानांचं बजेट वाचलं होतं, पण एक गोष्ट त्यांना कुणी शिकवली नव्हती: किती कापायचं ते तुम्ही सांगा, कुठे कापायचं ते प्रमुख ठरवणार. आणि तो काय स्वतःच्या गाड्या कापणार आहे? चोर सोडून संन्याशाला फाशी, ही रीत जुनीच आहे.

"तुम्ही 'शहर' म्हणाला होतात," झारिया म्हणाली.

"सहा वर्षांच्या पोरीला काय सांगणार होते? आणि आता कशाला आलीस, पाया पडायला? आधी विचारायचं होतंस! मी त्रेसष्ट वर्षांची आहे. माझा विमा या जाकिटावर आहे, घरभाडं या जाकिटावर आहे. माझ्या पोटावर पाय देऊन तुझी मॅडम येणार असेल तर खुशाल आण, पण माझ्यासमोर पाठांतर नको करूस!"

दिवा हिरवा झाला. मी पाटी वर केली, पण 'ये' म्हटलं नाही. ती माझ्याकडे बघत उभी राहिली, कारण नियम तिला अकरा वर्षांपासून ठाऊक होता. दिवा पुन्हा लाल झाला. पुढच्या हिरव्याला मी कसंबसं "ये" म्हटलं. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

त्याच संध्याकाळी सार्जंट लुट्झचा फोन आला. आमच्या चव्वेचाळीस जणांचा साहेब तो. "उद्या दीडला सगळ्यांनी सभागृहात यायचं. जाकीट घालून, पहिल्या तीन रांगांत. नवी जाकिटं दारात मिळतील. त्या तासांचे पैसे मिळतील."

"आणि पावणेतीनला शाळा सुटते, तेव्हा माझ्या चौकात कोण?"

"सोय होईल, अर्लीन."

"कोण?"

"म्हटलं ना, सोय होईल."

मी गेले. उगाच भोळेपणाचा आव आणत नाही, मला नोकरी हवी होती आणि त्या पोरीवर रागही होता. दारात नवं जाकीट दिलं, बाहीवर पोलिसांचा बिल्ला, ताटलीएवढा. आम्ही बसलो. शेजारी मिस्टर क्लीव्हन होते, बहात्तर वर्षांचे, वॉर्नर गल्लीचा चौक सांभाळणारे. ते माझ्या कानात म्हणाले, "अर्लीन, आपण इथे पाहुणे आहोत की दुकानातला माल?"

"गप्प बसा," मी म्हटलं. पण शब्द बरोबर बसला होता.

समोर अर्धगोलात तेरा नगरसेवक. एका बाजूला पोलीसप्रमुख, पाय पसरून. मागच्या रांगांत मुलं, अंगावर 'पाच दिवस' लिहिलेले सदरे. झारिया कुठे बसलीय ते मी मान न वळवताही सांगू शकले असते, कारण मानेवर तिची नजर टोचत होती. आणि भिंतीवर घड्याळ. मी भाषणं ऐकलीच नाहीत, घड्याळच बघत होते. दोन वाजून पाच. दोन वाजून दहा. एक बाई म्हणाली की पोलीस नसतील तर ती दुकान बंद करेल. एक पाद्री बोलला. दोन वाजून बावीस. 'सोय होईल' म्हणजे काय? गाडी पाठवणार? कुठली गाडी, चव्वेचाळीस चौकांना चव्वेचाळीस गाड्या? मी वळून लुट्झकडे बघितलं. तो भिंतीला टेकून फोनमध्ये काहीतरी वाचत होता. कुणीच नव्हतं. कुणाची सोयबिय काही नव्हती.

आणि मी बसून राहिले. उठले नाही. पुढच्या वाक्याला उठेन, त्याच्या पुढच्या वाक्याला उठेन असं करत बसून राहिले.

"नंबर एकसष्ट. झारिया स्टॉलवर्थ."

ती माइकपाशी आली. हातात कागद नव्हता, लागतच नव्हता. समोरच्या पाटीवर साठ आकडा लागला आणि उलटा धावू लागला. तिने तोंड उघडलं, नगरसेवकांकडे बघितलं आणि मग आमच्याकडे. माझ्या बाहीवरच्या बिल्ल्याकडे. माझे ओठ आपोआप हलत होते: माझं नाव झारिया स्टॉलवर्थ. माझ्या बहिणीला सहा दिवस...

ती ते बोललीच नाही. आकडा पन्नासवर आला. अठ्ठेचाळीस. मागच्या मुलांत कुजबुज झाली. मग तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

"मिस अर्लीन," ती माइकमध्ये म्हणाली, "चौकात कोण आहे?"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपण सभेशी बोलावं, प्रेक्षकांशी नाही."

"बरं, सभेला विचारते. हे चव्वेचाळीस लोक इथे बसलेत. आता दोन वाजून एकतीस मिनिटं झालीत. चौदा मिनिटांनी यांच्या चव्वेचाळीस चौकांतल्या शाळा सुटतील. तिथे कोण आहे? माझी बहीण तिथून बाहेर येते. मिस अर्लीनने 'ये' म्हटल्याशिवाय ती पाय खाली ठेवत नाही. तिला आज 'ये' कोण म्हणणार आहे? साहेब, तुम्ही सांगा. तुम्ही बोलावलंत ना यांना? कोण आहे?"

पोलीसप्रमुखांनी लुट्झकडे बघितलं. लुट्झने फोन कानाला लावला. वीस सेकंद उरले होते आणि ती त्या वीस सेकंदांत काहीच बोलली नाही, उत्तराची वाट बघत उभी राहिली. तीन आठवड्यांचं पाठांतर, सहा दिवस, वळ, बुधवार, एक अक्षर नाही. घंटा झाली. माइक बंद पडला.

मी उठले. "क्लीव्हन, ट्रक कुठे लावलाय?"

"मागच्या गल्लीत."

"अर्लीन, बसा!" लुट्झ म्हणाला. "तीनपर्यंत सांगितलंय."

"तुझी सोय तुझ्यापाशी ठेव," मी म्हटलं. हे माइकशिवायही सगळ्यांना ऐकू गेलं. माझ्यामागे किती जण उठले ते मी बघितलं नाही. क्लीव्हन सांगतात, एकतिसांचा आकडा. सांगताना दर वेळी तो वाढतो.

ट्रकमध्ये आम्ही तिघं, मध्ये झारिया. किन्झीवर पाइपाचं खोदकाम चाललं होतं, वीस मिनिटांचा रस्ता पस्तीस मिनिटांचा झाला. ब्रिएलकडे फोन नव्हता, शाळेचा फोन कुणी उचलेना.

"माझं सगळं वाया गेलं," ती म्हणाली. "माझं मिनिट. सगळी मुलं माझ्यावर अवलंबून होती."

"माझ्यावर पण अवलंबून होती," मी म्हटलं. "मी काय केलं?"

क्लीव्हननी हॉर्न दाबून धरला.

तीन वाजून सहा मिनिटांनी आम्ही वळण घेतलं आणि मला निळे-लाल दिवे दिसले.

पोलिसांची गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी. झारियाच्या प्रश्नानंतर लुट्झने जो फोन लावला, त्यातून आलेली ही एवढी एक गाडी. दोन्हीकडे वाहनं थांबलेली. मोठी मुलं केव्हाच पळून गेली होती. पण फुटपाथच्या कडेला आठ-नऊ लहान मुलं एका ओळीत उभी, आणि सगळ्यांच्या पुढे दोन्ही हात आडवे पसरून ब्रिएल. तिच्यासमोर एक तरुण पोलीस. नवा होता, छातीवर टेटम नाव.

"मी सांगतोय ना, जा! रस्ता मोकळा आहे!" तो ओरडत होता. मागून हॉर्न वाजत होते, म्हणून त्याला ओरडावंच लागत होतं. "ऐकू येत नाही का? चल, चल, हल इथून!"

ब्रिएल हलली नाही. डोळे मिटलेले, ओठ पांढरे. मला माहीत होतं, त्याचं किती वेळा सांगून झालंय ते ती आतल्या आत मोजतेय. तीन वेळा झालं की काय होतं ते तिला ठाऊक होतं. तरी हात आडवे तसेच.

त्याने एक पाऊल पुढे टाकलं.

झारियाने ट्रक थांबायच्या आत माझ्यावरून हात घालून दार उघडलं. मी तिचा दंड धरला, जोरात. "तू नाही. धावत पोलिसाच्या अंगावर जाणारी सतरा वर्षांची पोरगी नको आहे मला. बस इथे." मग मी उतरले. चालत. आयुष्यात इतकं सावकाश चालणं मला कधी जड गेलं नव्हतं. पाटी शाळेच्या कपाटात होती. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले, त्या तरुण पोलिसाकडे पाठ केली आणि नुसता हात वर केला.

"ये," मी म्हटलं.

ब्रिएलने डोळे उघडले. आधी तिने मागच्या पोरांना पुढे काढलं, एकेक करून, आणि शेवटी स्वतः आली. माझ्यापाशी पोचली तेव्हा मी तिचा हात धरला. बर्फासारखा गार होता.

टेटम माझ्याशेजारी आला. त्याच्या कपाळावर एवढ्या गारठ्यात घाम होता. "मी तिला हातसुद्धा लावला नाही, मॅडम. देवाशपथ. नुसतं जा म्हणत होतो."

"दिसलं मला," मी म्हटलं. "गाडी काढ आता. आणि दिवे बंद कर."

पलीकडे झारिया गुडघ्यांवर बसून बहिणीचं जाकीट चाचपत होती, मनगटं उलटसुलट करून बघत होती. ब्रिएल मला म्हणाली, "तुम्ही 'ये' म्हटलं नव्हतं."

"नाही म्हटलं, बाळ. उशीर झाला मला."

तिने मान हलवली. मग झारियाला विचारलं, "उद्या बुधवार ना?"

"हो."

"मग उद्या सांगीन," ती म्हणाली, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत एक शब्द बोलली नाही.

मला सभा सोडून गेल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. नव्या जाकिटाचा बिल्ला मी पुन्हा ब्लेडने उसवला. पण आता कुणी मुलाने विचारलं की पगार कोण देतं, तर सांगते: पोलीस देतात. दोन पावलं मागे सरकलं तर सरकू दे, मी थांबते.

मतदान तीन आठवड्यांनी झालं. दहाव्या हिश्श्याची मागणी नऊ विरुद्ध चार मतांनी पडली. आमचे चौक राहिले. आणि सुनावणीत तोंड पोळलेल्या नगरसेवकांनी कुठल्याशा उरलेल्या रकमेतून आमच्या शाळेला मॅडमचा एक दिवस वाढवून दिला.

झारिया बातमी घेऊन चौकात आली तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. "पाच मागितले होते. एवढे महिने, एवढी मुलं, आणि एक वार!"

"चार सेकंदांसाठी किती नाचली होतीस," मी म्हटलं.

"तेव्हा मी दहा वर्षांची होते, मिस अर्लीन."

"कुठला वार?" ब्रिएलने मध्येच विचारलं.

"गुरुवार," झारिया म्हणाली.

ब्रिएलने पाठीवरचं दप्तर सावरलं आणि मोजायला बोटं पुढे केली. हीसुद्धा मोजणारीच निघाली. बुधवार आणि गुरुवारची दोन बोटं तिने मिटली, उरलेली आमच्यापुढे धरली.

"म्हणजे आता सोमवार, मंगळवार आणि शुक्रवार," ती म्हणाली. "एवढे तीनच दिवस नीट वागायचं."

दिवा हिरवा झाला होता. झारिया माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या तोंडून 'ये' निघेना.